लाल झालं तर सांग

मंगळवार, सकाळी, स्वयंपाकघराच्या ओट्यावरून

तीर्थरूप अक्कास,

धाकटीचा नमस्कार. साष्टांग लिहीत नाही, कारण डावा गुडघा वाकत नाही आणि जे अंगाला जमत नाही ते कागदावर तरी कशाला दाखवायचं. तुझी तब्येत कशी आहे, झोप लागते का, डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस का, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे. आधीच्या दोन पत्रांचं आलं नाही, फोन वाजून वाजून आपणच गप्प होतो, आणि हे सगळं त्या दिवशी मी जे बोलले त्यावरून. आता दीड महिना झाला. आपल्यात याहून मोठा अबोला एकदाच झाला होता, तुझ्या लग्नात मला मागे बसवलं तेव्हा. तो तीन महिने चालला आणि शेवटी तूच बोललीस, कारण तुला माझी कात्री हवी होती. (ती कात्री अजून तुझ्याकडेच आहे.)

मी काय वाईट बोलले ते मला अजून समजलेलं नाही. बारकीने (माझी नात सत्तावीस वर्षांची झाली, दारातून वाकून आत येते, तरी घरात बारकीच) हौसेने दोन पट्टे आणले, एक मला, एक तुला. मनगटावर बांधायचा. नाडी किती, पावलं किती, झोप किती, सगळं तो मोजतो आणि घरातल्यांच्या फोनवर पाठवतो. मी बांधला. तू तुझा तसाच परत पाठवलास आणि फोनवर म्हणालीस, "मी काय गाय आहे, गळ्यात घंटा बांधून घ्यायला?" मी म्हटलं, "बरं, नको बांधूस. पण मग तू मेलीस तर आम्हाला कळणार कसं?" तू फोन ठेवलास. अगं, मी सरळ मनाने विचारलं होतं. आणि फोन ठेवल्याने झालं काय, तर प्रश्न होता तिथेच राहिला.

इकडे कोणालाही तुझी काळजी नाही, हे वाचून तुला बरं वाटेल. माझा मुलगा म्हणतो, "आई, मावशी रुसली आहे, दुसरं काही नाही." बारकी म्हणते, "आजी, काही झालं असतं तर खालच्या शिंपीणबाईंनी फोन केला असता." हे मलाही पटलं होतं. तुझ्या खालच्या मजल्यावरची ती शिंपीण दर रविवारी मला फोन करायची, हे तुला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. अक्कांची खिडकी सात वाजता उघडली, साडी वाळत पडली, दूधवाल्याशी भांडण झालं, एवढंच सांगायची. पाच-सहा रविवार झाले, तिचा फोन नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. असं सगळे म्हणाले, आणि मीही मान हलवली.

(मध्येच उठून खाली पत्रांची पेटी बघून आले. विजेचं बिल आहे. वरच्या मजल्यावरच्या माणसाचं. त्याच्या पेटीत टाकलं.)

माझ्या पट्ट्याचं सांगते, म्हणजे तू परत पाठवलास ते किती शहाणपणाचं केलंस हे तुला कळेल आणि तू आणखी शेफारशील. पट्टा सुरू करायला जन्मतारीख लागते. माझी मला ठाऊक नाही, ती तुझ्या डोक्यात आहे. आपल्या घरातलं सगळंच तुझ्या डोक्यात आहे, कागदावर एक ओळ नाही. आपल्याला शाळेत घालायचं म्हणून तू मास्तरांना जी सांगितली होतीस ती मी विसरले, कारण त्या शाळेत मी दुसरीपर्यंतच टिकले. मग बारकीने आपल्या मनाने एक जानेवारी टाकली. एक तारखेला पट्टा थरथरला आणि त्याच्यावर फुगे आले. माझा वाढदिवस पहिल्यांदा कोणी लक्षात ठेवला तर तो पट्ट्याने, आणि तोही चुकीच्या दिवशी.

पुढे ऐक. हा पट्टा माझी नाडी माझ्या मुलाला कळवतो. एके दिवशी सकाळी तिने उडी मारली. लगेच त्याचा फोन. "आई, तुझी नाडी वाढली आहे. काय करत होतीस?" मी म्हटलं, चादर पिळत होते. "नको पिळूस." मी म्हटलं, मग तू येऊन पीळ. यावर तो ओरडला, मी ओरडले, नाडी आणखी वर गेली, ती त्याला समोर दिसली, त्याने पुन्हा फोन केला. त्या सकाळी पाच फोन झाले. नाडी वाढली की तो फोन करतो, आणि त्याचा फोन आला की नाडी वाढते. शेवटी मी पट्टा काढून साखरेच्या डब्यावर ठेवला, तेव्हा कुठे सगळीकडे शांतता झाली. चार तास माझी नाडी नव्हती आणि कोणाचाही फोन आला नाही. तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही. का ते पुढे येईल.

आता बारकीचं काम सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. थोडा धीर धर, मलाही धरावा लागला. जेवणाचं टेबल तिने अडवलंय. दोन पडदे, सात वायरी, एक पंखा जो तिच्यासाठी नसून यंत्रासाठी आहे. आम्ही दोघी ताट मांडीवर घेऊन जेवतो. तिची कंपनी पार्सलं पोचवते. म्हणजे पोचवणारी माणसं वेगळी, ही मंडळी पार्सल या घडीला कुठे आहे तेवढं सांगतात. लोक सारखे विचारत असतात, माझं पार्सल कुठे, माझं पार्सल कुठे, जसं काही ते परत येणार नाही असं सांगून घरातून गेलंय. आणि उत्तर पापणी लवायच्या आत द्यावं लागतं. कपाट उघडा, वही काढा, पान शोधा, एवढी उसंत नाही. म्हणून ते कपाट ठेवतच नाहीत. सगळं यंत्राच्या तोंडपाठ. मी विचारलं, "आणि वीज गेली की?" म्हणाली, "विसरतं." "मग?" "मग त्याच्या शेजारच्याला पाठ असतं, त्याला विचारून पुन्हा पाठ करतं." मी म्हटलं, "आणि शेजारचाही गेला तर?" यावर ती म्हणाली, "आजी, मला काम करू दे."

ही तोंडपाठवाली यंत्रं डब्यात घालून ठेवतात. ती कंटेनर म्हणते, मी डबे म्हणते. डबे ओळीने बसवायची जी मांडणी, तिला ती क्लस्टर म्हणते. मांडणी हुशार आहे. एक डबा फुटला की आपणहून त्या जागी नवा ठेवते, नवं नाव देते, आणि फुटलेल्याचं नाव पुन्हा कोणी काढत नाही. (आपल्या चुलत्याने पहिली बायको गेल्यावर हेच केलं होतं. त्याला कोणी हुशार म्हणालं नाही.)

प्रत्येक डब्याच्या शेजारी एक चहाडखोर बसवलाय. त्याचं खरं नाव एक्स्पोर्टर, पण काम चहाडीचं. स्वतः काही करत नाही, नुसता शेजारच्याच्या खबरी ठेवतो. डबा किती भरला, किती जण विचारायला आले, किती जणांना उत्तर मिळालं, किती जण हात हलवत परत गेले, जागा करायला जुनं काय काय फेकलं. आणि दर पंधरा सेकंदांनी एक वसुलीवाला सगळ्या चहाडखोरांच्या दारावरून फिरतो, सांग बाबा सांग, असं विचारत. या खबरींना मेट्रिक्स म्हणतात. त्या गोळा करायच्या, त्यांच्या रेघा काढायच्या, आणि सगळं ठीक आहे की नाही ते एका फळ्यावर दाखवायचं, हे बारकीचं काम. फळा म्हणजे दुसरा पडदा. त्याच्यावर एका डब्याला एक चौकोन. बरा असेल तर हिरवा, आजारी पडला की लाल. एवढं शिकायला तिला सोळा वर्षं शाळा-कॉलेज लागलं.

तर गेल्या आठवड्यापासून गाऱ्हाणी सुरू झाली. लोक म्हणायला लागले, पार्सल विचारलं की कधी सांगतंय, कधी सांगतच नाही. आणि फळा बघावा तर हिरवागार. बारकीचा साहेब (याला मी घड्याळ म्हणते, कारण बोलताना सारखा मनगटाकडे बघतो, आणि त्याच्या मनगटावर काहीच नसतं) पडद्यावर येऊन म्हणाला, "फळा हिरवा आहे म्हणजे आपलं सगळं ठीक आहे. लोकांचंच इंटरनेट वाईट." दोन दिवसांनी गाऱ्हाणी दुप्पट झाली तेव्हा तोच म्हणाला, "फळाच चुकीचा असणार. फळा कोणाचा?" फळा बारकीचा. शुक्रवारपर्यंत दोष सापडला नाही तर फळा तिच्याकडून काढून दुसऱ्याला देणार, असंही सांगितलं, आणि मनगटाकडे बघितलं.

तेव्हापासून या घरात कोणी एका जागी बसलेलं नाही. ती टेबलापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून टेबलापर्यंत. मी ओट्यापासून पत्रांच्या पेटीपर्यंत. दाराशी आम्ही दोघी एकमेकींवर आदळतो. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. नखं सगळी खाऊन झाली, आता पेनाची टोपणं चालली आहेत. मी म्हटलं जेव, तर म्हणते नंतर. नंतर कधी ते तिच्या त्या तोंडपाठ यंत्रालाही सांगता यायचं नाही.

(दार वाजलं म्हणून उठले. पोस्टमन नव्हता. गॅसवाला होता, शेजारच्यांकडे आला होता, त्याला त्यांचं दार दाखवलं.)

काल सकाळी बारकी म्हणाली, "आजी, मी चार दिवसांनी आज डोक्यावरून आंघोळ करते. मग दोन तास मीटिंग आहे, आतल्या खोलीत बसते. तू इथे बस आणि फळ्याकडे बघ. लाल झालं तर सांग." मी म्हटलं, माझे पैसे? म्हणाली, देईन. (दिले नाहीत.) मग मी मटाराचं टोपलं घेतलं आणि तिच्या फिरत्या खुर्चीत बसले. बसले म्हणजे आधी अर्धी फेरी मारली, कारण खुर्ची आपणहून फिरते. मग पाय टेबलाच्या पायाला अडकवून ठेवला.

तुला माहीत आहे, मला समोर काही ओळीने मांडलेलं दिसलं की मोजल्याशिवाय राहवत नाही. ही तुझीच सवय, माझ्याकडची सुटी संपवून घरी निघताना तू डब्यांची झाकणं मोजायचीस, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. तर मोजले. सहाच्या चार ओळी, चोवीस चौकोन, सगळे हिरवे. मटार सोलायला घेतले. एक मूठ सोलून मान वर केली, मोजले, तेवीस. मधली जागा रिकामी दिसत नव्हती. बाकावरचा एक माणूस उठला की बाकीचे ऐसपैस सरकून बसतात, तसे ते सरकून बसले होते. शेवटच्या ओळीत एक कमी, एवढंच. आणि उरलेले तेवीस पहिल्यापेक्षा जास्त हिरवे. अर्धं टोपलं झालं तेव्हा बावीस. थोड्या वेळाने पुन्हा तेवीस, मग एकवीस. लाल एकही नाही. मी मटार सोलत राहिले.

दोन तासांनी बारकी आली. "आजी, लाल झालं का?" मी म्हटलं, नाही. मी उठले, ती खुर्चीत बसली, तोंड एवढंसं केलं. मटाराच्या शेंगांची सालं गोळा करता करता मी म्हटलं, "लाल काही झालं नाही. तीन कमी झाले."

अक्का, ती ज्या नजरेने माझ्याकडे बघायला लागली, तशी नजर मी फक्त एकदा बघितली आहे, सापाला मी दोरी म्हणून उचललं होतं तेव्हा तुझी.

"कधी?"

"मघाशी. तू आंघोळीला गेलीस तेव्हापासून येताहेत-जाताहेत."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"तू लाल झालं तर सांग म्हणालीस. कमी झालं तर सांग असं कुठे म्हणालीस?"

तिची बोटं अशी पळायला लागली की पट्टा तिच्या मनगटावर असता तर माझ्या मुलाने अँब्युलन्सच पाठवली असती. तासाभराने माझ्याकडे वळून सगळं सांगितलं, आणि मला पहिल्यांदाच सगळं समजलं. डबा फार भरला, लोक फार विचारायला लागले, की त्याला दम लागतो. दम लागला की तो चहाडखोराला उत्तर देत नाही, कारण आधी लोकांना द्यायचं की याला. चहाडखोर मग वसुलीवाल्याला काही सांगू शकत नाही. आणि वसुलीवाला काय करतो? ज्याच्याकडून खबर आली नाही त्याला तो आजारी धरत नाही. त्याला तो धरतच नाही. यादीतून नाव काढतो आणि पुढे जातो. मग जे धडधाकट उरलेत, ज्यांना बोलायला त्राण आहे, त्यांची सरासरी काढायची. ती चांगलीच येणार. जितके जास्त आजारी पडतील तितका फळा जास्त हिरवा. ही चूक फळा बनवताना तिनेच केली होती, सहा महिन्यांपूर्वी, शुक्रवारी, घाईत. तिला वाटलं, खबर नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

तिने एका ओळीचा फरक केला. यापुढे जो उत्तर देणार नाही तो लाल. झालं. फळ्यावर चटाचट पाच चौकोन लाल झाले. तिकडे पडद्यावर साहेब आणि आणखी दहा जणांना एवढा आनंद झाला की काय सांगू. एवढं लाल बघून टाळ्या वाजवणारी माणसं मी कधी बघितली नव्हती. दुपारपर्यंत त्यांनी मोठे डबे बसवले आणि गाऱ्हाणी थांबली. घड्याळसाहेबांनी मला पडद्यासमोर बोलावलं.

"आजी, तुम्हाला कसं कळलं?"

"मोजले."

"पण मोजावेसे का वाटले?"

"समोर होते म्हणून."

"तुम्ही आमच्याकडे काम कराल का?" असं म्हणून तो हसला. मी म्हटलं, "करीन. पण मग ही काय करणार?" तेव्हा तो हसायचा थांबला आणि म्हणाला की फळा बारकीकडेच राहील. हे त्याला दहा जणांसमोर म्हणायला लागलं. मी खुर्ची फिरवून बाहेर आले. (फिरवायची नव्हती, फिरली.)

एवढं सगळं छान झालं. काल रात्री बारकी पोटभर जेवली आणि आठच्या आत झोपली. आज सकाळी मी हे पत्र लिहायला घेतलं ते तुला ही गंमत कळावी म्हणून, आणि मी कामाची आहे हे तुला समजावं म्हणून. पण लिहिता लिहिता एक गोष्ट सारखी हाताला अडते आहे. मी वर काय लिहिलं ते मागे जाऊन वाचलं. शिंपीणीचा फोन नाही, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. हे मी वर लिहिलंय. आणि तेच खाली फळ्याबद्दलही लिहिलंय. एकाच हाताने, एकाच सकाळी, आणि मध्ये उठून पेटी बघून आले.

पत्र इथेच आवरतं घेते. एक फोन करायचा आहे. मोठ्यांना नमस्कार लिहायची रीत, पण तुझ्याकडे तुझ्याहून मोठं कोणी नाही. म्हणून तुलाच पुन्हा एकदा.

तुझी,
धाकटी

ता. क. शिंपीणीला फोन केला. म्हणाली, "आजी, मी ते घर सोडून दीड महिना झाला. मुलाकडे आले. अक्कांना सांगूनच निघाले. त्या तुम्हाला बोलल्या असतील. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." मी म्हटलं, हो हो, माहीत आहे, सहज फोन केला. म्हणजे तू दीड महिना यादीतच नव्हतीस, आणि आम्ही इकडे सगळे हिरवे.

दुसरा ता. क. बुधवार, बसमधून. अक्षर वाकडं आहे ते रस्त्यामुळे, माझ्यामुळे नाही. हे पत्र टपालात टाकलं नाही, पिशवीत आहे. काळजी वाटून निघाले आहे असा समज करून घेऊ नकोस. पट्ट्याला माझी खरी जन्मतारीख घालायची आहे, ती तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, आणि उद्या तुला काही झालं तर मी जन्मभर एक जानेवारीची राहीन. शिवाय कात्री न्यायची आहे. बारकी बरोबर येते म्हणाली. मी म्हटलं, तू फळा सांभाळ, मला वाटेत रडणारं माणूस नको. तिने पट्टा बांधायला लावला, म्हणाली एवढं तरी कर. बांधला. शेजारी एक बाई बसली आहे, ती मघापासून वाचते आहे. वाच बाई.

तिसरा ता. क. तुझ्या जिन्यावरून, तिसरा मजला, तुझ्या दाराबाहेरच्या पायरीवर बसून. खाली तुझ्या पत्रांच्या पेटीत माझी दोन्ही पत्रं तशीच होती. घंटी वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. तुझ्या घराची किल्ली माझ्या पिशवीत आहे, चार वर्षांपूर्वी तूच दिलेली. पण न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरायची मला सवय नाही. (हे खोटं आहे, तुलाही माहीत आहे. किल्ली हातात घेऊन दोनदा परत ठेवली.) म्हणून या पत्राचं पहिलं पान दाराखालून अर्धं आत सरकवते आहे. अर्धंच. आत कोणी ओढून घेतलं तर कळेल. दर पंधरा सेकंदांनी बघणार नाही, माझी मान दुखते. पण बघत राहीन.

चौथा ता. क. सात मिनिटं झाली. पानाचा कोपरा अजून माझ्या पायाशी आहे.

पाचवा. पान गेलं. कोणीतरी ओढलं, आणि हळू ओढलं. मी बाकीची पानं आत ढकलली, एकापाठोपाठ एक. शेवटचं मी लिहीत होते म्हणून माझ्याकडे राहिलं. आत्ता पहिलं पान परत बाहेर आलं आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने तुझं अक्षर, पहिल्यापेक्षा मोठं, कारण तू थेंब घालत नाहीस:

"साष्टांग लिहायला गुडघा लागत नाही. दहा दिवसांपूर्वी पाय मुरगळला. भाजीवाला खिडकीतून सोडलेल्या टोपलीत देऊन जातो, त्याच्याशी माझं बरं चाललंय. खुर्ची ढकलत दारापर्यंत यायला वेळ लागतो, तू कधीपासून इतकी उतावीळ? वरची कडी काढली आहे, कुलपापर्यंत वाकवत नाही. किल्ली तुला कशाला दिली होती? जन्मतारीख मलाही माहीत नाही. मास्तरांना मी अंदाजाने सांगितली होती. कात्री मिळणार नाही."

शेवटचा ता. क. किल्ली लावते. त्याआधी एवढं लिहून घेते, म्हणजे आत आल्यावर बोलावं लागणार नाही. त्या दिवशी मी जे विचारलं ते बरोबर होतं, पण ते फोनवर विचारायचं नव्हतं, असं येऊन विचारायचं होतं. मी आठ दिवस राहणार आहे. तुला हवं की नको ते विचारलेलं नाही. पिशवीत फोन वाजतो आहे, मघापासून तिसऱ्यांदा. माझा मुलगा असणार, पट्ट्याने त्याला माझी नाडी दाखवली असणार. त्याला सांगते, तीन जिने चढले.